गुलामांना पळून जाण्यास मदत करणाऱ्यांना पकडले गेल्यास काय भोगावे लागत असे?

प्रश्न – वाचनवेडी

महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केला, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. परंतु ते सज्जन कोण होते, याविषयी आपल्याकडे क्वचितच बोलले जाते. स्वतः दास्यातून निसटून इतरांना सोडवणाऱ्या हॅरिएट टबमन यांचे नाव मला ठाऊक आहे. पळून आलेल्यांना एका घरातून दुसऱ्या घरी गुप्तपणे पोहोचवणाऱ्या ‘भूमिगत रेल्वे’तील इतर माणसे पकडली गेली, तर त्यांची दंडावर सुटका होत असे का?

उत्तर – पूर्वरंग

पळून गेलेल्या गुलामांविषयीच्या अमेरिकेच्या १८५० च्या कायद्यात अशा मदतीसाठी १,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होती. मात्र प्रत्यक्षात काय भोगावे लागेल, हे मदत करणाऱ्याच्या कातडीच्या रंगावर फार अवलंबून असे, आणि त्यासाठी या कायद्याच्या आधीचे डेलावेअर राज्यातील एक प्रकरण सविस्तर सांगावेसे वाटते.

१८४५ च्या डिसेंबरात, ऐन हिमवृष्टीत, हॉकिन्स दांपत्य आपल्या सहा मुलांसह मेरीलँडमधून निघून मिडलटाऊनजवळ जॉन हन यांच्या शेतावर पोहोचले. त्यांना वाट दाखवत आणले होते सॅम्युअल बरिस यांनी, जे जन्मतः स्वतंत्र असलेले कृष्णवर्णीय गृहस्थ होते. कुटुंब पकडले जाऊन तुरुंगात पडले, तेव्हा विल्मिंग्टनचे लोखंडाचे व्यापारी थॉमस गॅरेट यांनी अटकेच्या कागदपत्रांतील उणीव न्यायाधीशांच्या नजरेस आणून त्यांना सोडवले आणि लगोलग गाडी ठरवून पुढे रवाना केले. त्यापायी १८४८ साली हन आणि गॅरेट या दोघा श्वेतवर्णीय क्वेकरपंथीयांना (क्वेकर हा गुलामगिरीला विरोध करणारा एक ख्रिस्ती पंथ) जबर दंड झाला. हन यांची शेती त्यात गेली.

बरिस यांना १८४७ मध्ये अशाच दुसऱ्या प्रकरणात अटक झाली आणि शिक्षा झाली ती त्यांनाच लिलावात विकण्याची. लिलावाच्या दिवशी आयझॅक फ्लिंट नावाचे गुलामगिरीविरोधी कार्यकर्ते व्यापाऱ्याच्या वेषात हजर राहिले. इतर गिऱ्हाइकांप्रमाणे त्यांनीही बरिस यांचे हातपाय चाचपून पाहिले, कारण तसे न करणे संशयास्पद ठरले असते. सौदा पटल्यावर त्यांनी कानात सांगितले, तेव्हाच बरिस यांना कळले की ही रक्कम मित्रांनी जमवलेली आहे. तोवरचा प्रत्येक क्षण त्यांनी आपण खरोखर विकले जात आहोत, याच समजुतीत काढला असणार. डेलावेअरच्या राज्यपालांनी त्यांना माफी दिली ती २०१५ साली, मरणोत्तर.

उत्तर – अभ्यासिका

वरील मताशी मी सहमत आहे, तथापि गॅरेट यांचे धैर्य त्यामुळे उणे ठरू नये. गुलामगिरी कायदेशीर असलेल्या राज्यात राहून, सर्वांच्या माहितीत, त्यांनी खटल्यानंतरही हे काम चालूच ठेवले. डिसेंबर १८५४ मधील त्यांच्या एका पत्रात टबमन यांच्याबरोबर आलेल्या मंडळींचा उल्लेख आहे. चालून चालून टबमन यांचे आणि एका पुरुषाचे जोडे झिजून गेले होते, म्हणून गॅरेट यांनी त्यांना दोन डॉलर दिले. एवढ्या मोठ्या कामाचा बराचसा भाग जोडे, भाकरी आणि गाडीभाडे यांचाच होता, आणि तो कोणीतरी वर्षानुवर्षे निभावणे आवश्यक होते.

उत्तर – पूर्वरंग

हे पत्र आपल्याला वाचता येते, याचे श्रेय फिलाडेल्फियात पळून आलेल्यांना मदत करणारे कृष्णवर्णीय कार्यकर्ते विल्यम स्टिल यांना द्यावे लागेल. येणाऱ्या प्रत्येकाची हकिकत ते लिहून ठेवीत. ती वही शत्रूच्या हाती लागली असती, तर अनेकांचा घात झाला असता, म्हणून पुढे त्यांनी ते कागद लपवून ठेवले. १८५० मध्ये समोर बसलेला अनोळखी माणूस आपल्या आईवडिलांचीच नावे सांगतो आहे, हे ऐकून त्यांना उमगले की हा आपला दास्यात मागे राहिलेला सख्खा भाऊ पीटर आहे. ताटातूट झालेल्या इतरांनाही आपली माणसे शोधता यावीत, यासाठी त्यांनी या नोंदी जोखीम पत्करून जपल्या आणि १८७२ साली, म्हणजे फुले यांच्या ग्रंथाच्या आदल्याच वर्षी, प्रसिद्ध केल्या.