शुक्रवार की शनिवार: मंडळाचा बॅनर कोणत्या दिवशी न्यायचा?

प्रेषक: चिटणीस
सोमवार, २० जून २०२२

सप्रेम नमस्कार.

कालच्या बैठकीत बॅनरचा प्रश्न अर्धवट राहिला, म्हणून येथे मांडते. शनिवार, २ जुलैच्या लंडन प्राइडच्या, म्हणजे समलिंगी व इतर लैंगिक अल्पसंख्याकांच्या हक्कांच्या, मुख्य मिरवणुकीत नोंदणी केलेल्या गटांनाच चालता येते आणि प्रत्येकाच्या मनगटावर आयोजकांचा पट्टा असावा लागतो. आपण नोंदणी केलेली नाही. एका दक्षिण आशियाई गटाने सहा पट्टे देऊ केले आहेत, परंतु मग आपल्याला त्यांच्या बॅनरमागे चालावे लागेल आणि आपला बॅनर घरी ठेवावा लागेल. आदल्या दिवशी, शुक्रवार १ जुलैला, गे लिबरेशन फ्रंट या समलिंगी हक्कांच्या जुन्या संघटनेचे ज्येष्ठ कार्यकर्ते ट्रॅफल्गर चौकाजवळच्या सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स चर्चपासून हाइड पार्कपर्यंत १९७२ च्या पहिल्या प्राइड मोर्चाच्याच वाटेने चालणार आहेत. तेथे पट्टा नको आणि नोंदणीही नको, पण तो कामाचा दिवस आहे. कृपया बुधवारपर्यंत मत कळवावे.

प्रेषक: साहित्य सांभाळणारा, हॅरो
सोमवार, २० जून

बॅनर माझ्या गॅरेजमध्ये आहे आणि तो नऊ वर्षे मी सांभाळला आहे, म्हणून काही गोष्टी स्पष्ट करतो. तो बारा फूट रुंद आहे, त्याला दोन काठ्या आहेत आणि त्या धरायला दोन धडधाकट माणसे व बदलीसाठी आणखी दोघे लागतात. मागच्या वेळी तो कोणीतरी ओल्यातच गुंडाळून ठेवला होता आणि त्याचा डाग अजून गेलेला नाही. शिवाय बॅनर बाहेर काढायचा तर कार्यकारिणीचा ठराव हवा, हा नियम आपणच केला आहे. माझा विरोध मोर्चाला नाही. चार नावे आणि ठराव मिळाल्याशिवाय मी बॅनर देणार नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

प्रेषक: क्रॉयडनहून
मंगळवार, २१ जून

माझे मत शनिवारला आहे. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी मिरवणूक रद्द झाली होती, त्यामुळे आमच्या मुलीने ती अजून पाहिलेलीच नाही, आणि शुक्रवारी तिची शाळा आहे. शनिवारी ज्येष्ठ मंडळी अग्रभागी असणार आहेत, मग त्यांना भेटायला शुक्रवारच कशाला हवा? लाखोंच्या गर्दीत मराठी माणसे दिसली, तर घरी अजून काहीच बोलू न शकलेल्या एखाद्या मुलाला त्याचा आधार वाटेल. त्यासाठी बॅनर नसला तरी चालेल, असे मला वाटते.

प्रेषक: वॉटफर्डच्या मावशी
मंगळवार, २१ जून

आमच्या थोरल्याचे माध्यमिक शिक्षण नव्वदच्या दशकात झाले. समलैंगिकतेला ‘उत्तेजन’ देण्यास मनाई करणारे ‘कलम २८’ १९८८ मध्ये आले आणि इंग्लंडमध्ये २००३ पर्यंत राहिले. तो छळ सोसत असताना मी शाळेत गेले, तेव्हा वर्गशिक्षिका अतिशय सहृदयतेने म्हणाल्या, की या विषयावर बोलण्याची त्यांना मुभा नाही. त्या कलमाचा रोख शाळांवर नसून स्थानिक परिषदांवर होता, हे मला फार पुढे कळले. त्या भीतीपोटी गप्प बसल्या आणि माझे मूल पाच वर्षे एकटे राहिले.

क्रॉयडनच्या ताईंना सांगावेसे वाटते, की अग्रभागी कोण आहे यापेक्षा कोणाबरोबर चालायचे हा प्रश्न मोठा आहे. १९८४-८५ च्या खाणकामगारांच्या संपाला साथ दिलेल्या समलिंगी कार्यकर्त्यांना २०१५ साली मिरवणुकीच्या अग्रभागी बोलावले होते. १९८५ च्या मोर्चात वेल्सच्या खाणकामगारांनी त्यांच्यासाठी चालून दाखवले, त्याला तेव्हा तीस वर्षे होत होती. परंतु कामगार संघटनांना त्यांच्यासोबत जागा मिळेना, तेव्हा त्यांनी अग्रभागाचा मान सोडला आणि मागे संघटनांबरोबर चालणे पसंत केले. मी शुक्रवारी येणार आहे. माझे नाव धरा, मात्र काठी मला पेलणार नाही.

प्रेषक: लूटनहून
मंगळवार, २१ जून

मावशींच्या पत्रात एक भर घालतो. स्कॉटलंडने ते कलम २००० सालीच रद्द केले होते. तसेच १९७२ च्या मोर्चात दोन हजार माणसे होती असे सर्वत्र छापले जाते, परंतु तो मोर्चा घडवून आणणाऱ्यांपैकी एक असलेले पीटर टॅचेल सातशेच्या आसपासचा आकडा सांगतात. आपण पत्रक काढणार असू, तर आकडा जपून लिहावा.

प्रेषक: वेंब्लीचे काका
बुधवार, २२ जून

सातशे की दोन हजार, हे मला सांगता येणार नाही. मी तेथे होतो, पण मोजण्याच्या मनःस्थितीत नव्हतो. मला ओळखणाऱ्यांना माझ्याविषयी नव्याने काही सांगायचे नाही, परंतु हे मी कधी सांगितलेले नाही.

१९७१ साली मी शिकायला येथे आलो. १ जुलै १९७२ हा शनिवार होता. मोर्चाचे पत्रक मी तीन दिवस कोटाच्या आतल्या खिशात वागवले होते. १९६७ च्या कायद्याने एकवीस वर्षांवरील दोन पुरुषांना संबंधांची मुभा दिली होती, पण ती फक्त ‘खासगीत’, आणि घरात दुसऱ्या खोलीत कोणी असले तरी ते खासगी मानायचे की नाही, याबाबत न्यायालये फार कडक होती. माझी घरमालकीण खालच्या मजल्यावर राहत असे. अटक झाली असती, तर परत जावे लागले असते, आणि परत जाऊन वडिलांना काय सांगणार होतो? तिकडे इंग्रजांनीच १८६० साली लिहून ठेवलेले कलम ३७७ उभे होते.

मी सेंट मार्टिनच्या पायऱ्यांवर उभा राहिलो. मोर्चा निघाला, दोन्ही बाजूंनी पोलीस चालत होते. माझ्याच वयाच्या एका मुलाने मला हाताने खूण केली, ‘चल’ म्हणून. मी मान वळवून चर्चच्या घड्याळाकडे पाहत राहिलो. ते लोक पुढे हाइड पार्कमध्ये गेले आणि ज्यासाठी तेव्हा रस्त्यावर अटक होऊ शकत होती, ते त्यांनी केले: उघड्यावर, सर्वांनी मिळून एकमेकांची चुंबने घेतली. मला ते नंतर वाचून कळले.

शनिवारची मिरवणूक मोठी आणि आनंदाची असते, मुलीला अवश्य न्यावे. पण त्या वेळी न घाबरता चाललेली माणसे त्याच तारखेला, त्याच जागेवरून पुन्हा निघत आहेत आणि त्यांच्यापैकी किती जण पुढच्या दशकात असतील? मी शुक्रवारी जाणार आहे. बॅनर आला नाही तरी जाईन, परंतु आला तर मला फार बरे वाटेल, कारण तेव्हा मला भीती वाटली होती ती आपल्याच माणसांची.

प्रेषक: चिटणीस
बुधवार, २२ जून

कार्यकारिणीच्या सातपैकी पाच सदस्यांनी शुक्रवारच्या बाजूने लेखी संमती दिली आहे, तेव्हा ठराव मंजूर झाला. शनिवारचे सहा पट्टे क्रॉयडनच्या ताईंच्या कुटुंबाला आणि आणखी तिघांना देत आहोत. शुक्रवारसाठी काठी धरणारी दोनच नावे आली आहेत.

प्रेषक: साहित्य सांभाळणारा, हॅरो
बुधवार, २२ जून

तिसरे नाव माझे धरा, मी रजा टाकली आहे. चौथा माझा भाऊ. डाग काल पुन्हा धुऊन पाहिला, थोडा फिका झाला आहे. काठ्या मधोमध कापून जोड बसवतो, म्हणजे भुयारी रेल्वेतून आणता येतील. काका, तुमच्या गुडघ्यांसाठी घडीचे स्टूल मी आणतो. दुपारी बारा वाजता चर्चच्या पायऱ्यांवर भेटू, तुम्ही कोणत्या बाजूला उभे होतात ते मात्र आधी सांगून ठेवा.