चौघांनी केलं, अख्ख्या अकरावीने भोगायचं का?

बोरीकाठ (अमळनेर): माझा भाचा खान्देशातल्याच एका सैनिकी शाळेत अकरावीला आहे, एनडीएची (लष्करी अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची) तयारी करतो. चार पोरं रात्री भिंत ओलांडून बाहेर गेली. त्यांना घरी पाठवलं, ते बरोबरच. पण आता सगळ्या अकरावीची रविवारची सुट्टी बंद, घरी फोन महिन्यातून एकदा. अमेरिकेत वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतही असंच झालं. मे २०२० मध्ये कॅल्क्युलसच्या परीक्षेत ७३ कॅडेट कॉपीत अडकले. ८ जणांना काढलं, ५१ जणांना वर्षभर मागे ठेवलं. इथवर न्याय. पण २०२१ मध्ये गुन्हा स्वतःहून कबूल करणाऱ्याला मिळणारी सवलतच रद्द केली, तीही सगळ्यांसाठी.

माजी सुभेदार, पारोळा: भाऊ, रात्री चौकीवर एकाने बिडी पेटवली तर गोळी त्यालाच शोधत येत नाही. हे पोरांना सतराव्या वर्षीच कळलं पाहिजे. खडकवासल्याला एनडीएत रगडा, म्हणजे शिक्षेची कसरत, एकट्याला थोडाच मिळतो? आणि खोलीतल्या बाकीच्यांना काहीच माहीत नव्हतं, हे मला पटत नाही. वेस्ट पॉइंटचा ऑनर कोडच सांगतो की खोटं बोलणाऱ्याला, फसवणाऱ्याला खपवून घ्यायचं नाही.

चोपड्याची ताई: आबा, खोलीतल्यांना जरूर विचारा. दुसऱ्या इमारतीत झोपलेल्याने काय खपवून घेतलं? एनडीएतून पहिल्या १७ मुली मे २०२५ मध्ये बाहेर पडल्या, ते पाहून माझ्या लेकीने हट्ट धरला. घरच्यांना तयार करताना माझा जीव मेटाकुटीला आला. उद्या तिच्या शाळेनेही फोन बंद केला की सासरे म्हणणार, आण पोरीला परत.

शिरपूरचे सर: रेक्टरने तरी काय करावं? पोरगं तापीत बुडालं असतं तर आपणच मोर्चा नेला असता.

बोरीकाठ: सर, मग भिंत उंच करा, रात्रीचा पहारा वाढवा. फोन कशाला तोडता? आबा, गोळीला चौकशी करता येत नाही, शाळेला येते. त्या चौघांपैकी एकाचा धाकटा भाऊ तिथेच आहे. रविवार गेला म्हणून पोरांनी अंधारात त्याच्या अंगावर ब्लँकेट टाकून त्याला मारलं. तो कुणाकडे तक्रारही करत नाही.

माजी सुभेदार, पारोळा: मारहाण झाली असेल तर त्यात मी तुमच्या बाजूने. पण रविवार लगेच परत द्या, हे मान्य नाही. महिनाभर भोगू द्या.

चोपड्याची ताई: महिना म्हणजे किती तारखेपर्यंत, ते शाळेने लेखी द्यावं. आणि फोन आठवड्याला हवाच, त्यावर मी मागे हटणार नाही.