मदत हवी आहे: रिम ब्रेकच्या सायकलला खोल कार्बन चाकं, पुढचं किती मिमी घ्यावं?

नमस्कार मंडळी,

लेकीसाठी चाकं घ्यायची आहेत, आम्ही इंदूरला असतो. ती रोड रेसिंग करते, वजन जेमतेम 50 किलो. सायकल अ‍ॅल्युमिनियमची, गिअर-ब्रेकचा संच शिमानो 105, अकरा स्पीड, रिम ब्रेक (पॅड थेट चाकाच्या रिमवर दाबतात तो). डिस्क ब्रेकची नवी सायकल सध्या परवडणारी नाही, म्हणून कृपया तो पर्याय सुचवू नका.

तिला पुढे-मागे दोन्ही 60 मिमी खोल रिमची (म्हणजे टायरपासून आत स्पोकपर्यंत रिमची उंची 60 मिमी) चाकं हवीत. तिचं म्हणणं मला पटतं. ताशी 35 च्या पुढे बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते, आणि हवेसाठी लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. सपाट रस्त्यावर चाक शंभर-दोनशे ग्रॅम जड असलं तरी त्यापुढे ते किरकोळच. तिचा रोजचा सराव सुपर कॉरिडॉर आणि उज्जैन रोडवर असतो, म्हणजे खोल रिमचा फायदा मिळेल असेच रस्ते.

पण तिथेच वाराही मोकळा लागतो. पावसाळ्याच्या आधी माळव्यात कसा वारा सुटतो ते इथल्यांना सांगायला नको. मागच्या चाकाला बाजूने झोत बसला तर सायकल थोडी सरकते, पुढच्याला बसला तर हँडलच वळतं. शेजारून ट्रक गेला की आधी वारा अडतो आणि लगेच उलट धक्का बसतो. 50 किलोच्या मुलीच्या हातात तेव्हा 60 मिमीचं पुढचं चाक असावं, हे मला बघवत नाही. माझा कल पुढे 35 ते 40 आणि मागे 50 ते 60 असा आहे. इतक्या हलक्या वजनाचं कुणी 50 किंवा 60 पुढे वापरतं का? वाऱ्यात खरंच कसं वाटतं?

दुसरी काळजी घाटाची. रविवारी त्यांचा ग्रुप महूवरून जाम गेटला जातो आणि पुढे मंडलेश्वरच्या बाजूला उतरतो. रिम ब्रेकमध्ये सगळी उष्णता रिमवरच येते. ब्रेक सतत दाबून ठेवला तर कार्बनमधलं रेझिन मऊ पडून ब्रेकची कड फुगू शकते. थांबून-थांबून, दोन्ही ब्रेक आळीपाळीने जोरात दाबायचे हे मी तिला शिकवलं आहे, आणि पॅड कार्बन रिमसाठीचेच घेणार आहे. तेवढं पुरतं का? की ब्रेकची कड अ‍ॅल्युमिनियमची आणि वर कार्बनचं कवच, अशी चाकं घ्यावीत? ती जड असतात, पण ओल्या रस्त्यावर ब्रेक चांगला लागतो. लेटेक्स ट्यूब या उष्णतेत नको असं वाचलं, म्हणून साधी ब्युटाइलच टाकणार.

रुंदीचंही विचारतो. हवा टायरवरून रिमवर नीट सरकावी म्हणून रिमची बाहेरची रुंदी टायरच्या मोजलेल्या रुंदीच्या किमान 105 टक्के असावी असं म्हणतात, म्हणजे 25 मिमी टायरला सव्वासव्वीसच्या वर. पण आतून रुंद रिमवर 25 चा टायर फुगून 26-27 होतो आणि सगळं गणित बदलतं. शिवाय ब्रेकच्या कॅलिपरमध्ये (रिमला दोन्ही बाजूंनी पकडणाऱ्या चिमट्यात) एवढी रुंद रिम बसायला हवी. शिमानो 105 च्या कॅलिपरमध्ये 27-28 मिमी रुंद रिम कुणी बसवली असेल, तर पॅड किती उघडावे लागले आणि चाक काढताना टायर अडकतो का, ते सांगा.

विभागीय निवड चाचणीच्या आधी तिला नव्या चाकांची सवय व्हायला हवी, म्हणून ऑर्डर या आठवड्यातच द्यायची आहे. इंदूर-भोपाळकडे कुणाकडे 50 मिमीचं पुढचं चाक असेल आणि एक सकाळ तिला चालवून बघू देणार असाल, तर व्यक्तिगत निरोप करा. मी स्वतः तिला घेऊन येईन.