अर्जंट मदत हवी: ॲग्री की बॉटनी? परवा फॉर्म बंद होतोय

घाईत_आहे
बारावी झाली, मार्क ठीक आहेत. बाबा म्हणतात ॲग्री. मावशी म्हणते साधी बीएस्सी बॉटनी कर, तीन वर्षांत मोकळी. दोन्हीकडे झाडांचंच शिकवतात ना, मग फरक काय? नोकरी कशात आहे तेवढं सांगा. लेक्चर नको.

सावजी_तर्री
सीईटी देली का? ग्रुप कोणता? पर्सेंटाइल किती? सातबारा आहे का घरी? काहीच नाही सांगितलं अन् म्हणते लेक्चर नको.

घाईत_आहे
हे सगळं कशाला पाहिजे? फरक विचारलाय फक्त. सीईटी दिली आहे, पीसीबी.

मास्तर_रिटायर
फरक सोपा आहे. झाड म्हणजे काय ते बॉटनीत शिकतात आणि त्याला जेवू कसं घालायचं ते ॲग्रीत. खत हेच झाडाचं जेवण. माझ्या काळात नागपूरच्या कृषी महाविद्यालयात शिकलेला माणूस उपाशी राहत नसे. १९०६ चं कॉलेज आहे ते. आमची निम्मी तरुणाई कॉलेजजवळच्या महाराजबागेत गेली.

पानगळ
सर, माफ करा, पण खत हे जेवण नाही. झाड जेवण स्वतः बनवतं. पानातून कार्बन डायऑक्साइड, मुळातून पाणी, वर ऊन, आणि त्यातून साखर. व्हॅन हेल्माँट या जुन्या शास्त्रज्ञाने मोजलेल्या मातीत विलो झाडाचं ५ पौंडाचं रोप लावलं होतं. पाच वर्षांत ते १६९ पौंडाचं झालं आणि माती घटली फक्त दोन औंस. त्याला वाटलं सगळं वजन पाण्यातून आलं, हवेचा हिशोब त्याने धरलाच नाही.

मास्तर_रिटायर
मग शेतकरी युरिया काय हौस म्हणून टाकतो?

पानगळ
युरियातून नत्र मिळतं, ते लागतं हरितद्रव्याला आणि एन्झाइमला. म्हणजे युरिया हे चुलीचं सामान, भाजी नव्हे.

गच्चीवरचा_शेतकरी
डिग्रीच्या भानगडीत पडू नका. मशरूम करा! एक खोली पुरते. मी स्वतः करतो.

पानगळ
मशरूम झाड नाही हो. ते स्वतःचं अन्नही बनवत नाही, भुशावर जगतं.

गच्चीवरचा_शेतकरी
विकलं जातं ना? बस.

घाईत_आहे
धागा कुठे चाललाय??? नोकरी!

सावजी_तर्री
हाव, सांगतो न. चार वर्षांची ॲग्री असेल तर एमपीएससीची कृषी सेवा देता येते, बँकेत कृषी क्षेत्र अधिकारी होता येते. बॉटनीवर ते दोन्ही दरवाजे बंद. बॉटनीवाल्याले वनसेवा चालते, मास्तरकी चालते, एमएस्सी करून पुढं जाता येते. तीन वर्षांत मोकळी म्हणजे कशातून मोकळी, ते मावशीले विचार. तुले स्वतःले काय आवडते?

घाईत_आहे
मला नाही, बहिणीला. मी मेकॅनिकलवाला. तिला मायक्रोस्कोपखाली पानं बघत बसायला आवडतं. चिखलात जायचं नाही म्हणते.

सावजी_तर्री
हे पहिल्याच ओळीत काऊन नाही लिहिलं बे!

पानगळ
मग चित्रच बदललं. तिला वनस्पती शरीरक्रियाशास्त्र जमेल, म्हणजे झाडाच्या आत काम कसं चालतं त्याचा अभ्यास. मी ॲग्री करून त्यातच एमएस्सी केली. पण चिखल चुकणार नाही, ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाला रावे असतं, गावात राहून शेतकऱ्यासोबत काम करावं लागतं. मीही रडत गेले होते. आणि खरे प्रश्न तिथेच दिसले. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकला की पान पाणी वाचवायला रंध्रं, म्हणजे त्याची बारीक छिद्रं, मिटून घेतं. मग कार्बन डायऑक्साइड आत येत नाही, ऊन भरपूर असूनही साखर बनत नाही. संत्र्याची अडचण ही. ज्वारी सी-४ गटातली, म्हणजे पानाच्या आत कार्बन डायऑक्साइड एका जागी गोळा करण्याची वेगळी सोय बाळगून असते, म्हणून उन्हात जास्त तगते. यावर काम करायचं तर नागपूरसारखं गाव नाही: कापसाची केंद्रीय संस्था इथे, लिंबूवर्गीय फळांची इथे, मृदा सर्वेक्षणाचं मुख्यालय पण इथेच.

काटोलकर
संत्र्याचा विषय निघालाच आहे तर, आमच्या बागेत पानं पिवळी पडून राहिली. काय फवारू?

पानगळ
कोवळी की जुनी? शिरा हिरव्या आहेत का?

काटोलकर
पिवळी आहेत.

पानगळ
दादा, कोवळी पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर बहुधा लोह मिळत नाहीये, चुनखडीच्या काळ्या जमिनीत हे होतं. जुनी आधी पिवळी पडली तर नत्र किंवा मॅग्नेशियम. नाहीतर मुळाशी पाणी साचलंय. फोटो टाका, तोवर काही फवारू नका.

मास्तर_रिटायर
शेणखत टाका. जेवण म्हणा, चुलीचं सामान म्हणा.

घाईत_आहे
बहिणीने सगळं वाचलं. रावेला हो म्हणाली, पण काटोलकरांच्या पानांचा फोटो आला का म्हणून मलाच दोनदा विचारलं. ॲग्री भरतोय. सातबारा आजोबांच्या नावावर आहे, त्याचे गुण मिळतात का?

सावजी_तर्री
हे आता आठवलं तुले? मी पहिल्याच उत्तरात विचारलं होतं. उद्या सकाळी कॉलेजच्या प्रवेश खिडकीवर जाऊन विचार, बारा वाजल्यावर लाइन लागते.

काटोलकर
फोटो कसा टाकायचा?