मुलीला गाडी शिकवायची आहे, स्वस्तातला इन्शुरन्स सांगा (खानापूर-बेळगाव)

नंदगडचा
नमस्कार मंडळी. मुलगी १९ वर्षांची आहे, लर्निंग लायसन्स आलंय. कॉलेज उद्यमबागला. बसच्या गर्दीत रोज लोंबकळत जाते, म्हणून गाडी घेतली. इन्शुरन्स या महिनाअखेरीला संपतोय. इथल्या एका एजंटने १४,८०० सांगितले. विचारलं एवढे कसे, तर म्हणाला पोरगी शिकाऊ, वय कमी, म्हणून जास्त पडतं. एवढे पैसे नाहीत. शिकाऊ मुलांसाठी स्वस्त पॉलिसी कोणती कंपनी देते ते कुणीतरी लवकर सांगा. दिवस थोडे आहेत.

अनगोळकर
गाडी म्हणजे दुचाकी की चारचाकी? मॉडेल कुठलं, साल कुठलं, आरसी (नोंदणीपत्र) कुणाच्या नावावर? हे सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार दादा.

नंदगडचा
चारचाकीच हो. वॅगनआर, २०१६ ची. कंपनीचं नाव सांगा फक्त.

मार्कंडेयकाठ
एजंटने तुम्हाला चुकीचं सांगितलंय. आपल्याकडे इन्शुरन्स गाडीचा असतो, चालवणाऱ्याचा नाही. थर्ड पार्टीचा (समोरच्याच्या नुकसानीचा) दर सरकार ठरवतं आणि तो इंजिनच्या सीसीवर असतो. जून २०२२ चा तक्ता बघा: १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १५०० पर्यंत ३,४१६, त्याच्या वर ७,८९७. तुमची वॅगनआर ९९८ सीसीची, म्हणजे पहिल्याच रांगेत. वर १८ टक्के जीएसटी धरून २,४७१ च्या आसपास. कुठल्याही कंपनीत जा, हा आकडा तोच. चालवणारी १९ ची आहे की ५९ ची, तिथे कुणी विचारत नाही.
राहिलेले बारा हजार कशाचे, ते एजंटला ओळीनुसार लिहून मागा.

तवंदीघाट
जुन्या गाडीला थर्ड पार्टीच करा, विषय संपला. नऊ-दहा वर्षांच्या गाडीला फुल इन्शुरन्स म्हणजे पैसे पाण्यात. माझ्या अल्टोला मी कधीच केला नाही.

शहापूरची
असं सरसकट नका सांगू. शिकाऊ मुलगी आहे, गाडी कुठेतरी घासणार, आपटणार. थर्ड पार्टीत समोरच्याचं नुकसान भरून मिळतं, आपल्या गाडीचा एक रुपया मिळत नाही. गाडीत बसलेल्यांचं काय, त्यावरही निव्वळ थर्ड पार्टीत वाद होतो. पॅकेज पॉलिसी (म्हणजे फुल इन्शुरन्स) असली की तो प्रश्न येत नाही.

तवंदीघाट
वैनी, बंपर घासला तर क्लेम करणार का तुम्ही? पहिले हजार आपल्याच खिशातले जातात, वर नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याची सूट, एनसीबी) जातो. उद्यमबागेत डेंटिंगवाला दोन हजारांत काढून देतो.

शहापूरची
बंपरचं कोण बोलतंय? पिरनवाडीच्या तिठ्यावर समोरून डंपर आला तर काय ते विचारा. खानापूर रस्त्यावर डंपर किती असतात ते तुम्हाला निपाणीत बसून दिसणार नाही.

चंदगडी
पासिंग कुठलं आहे, केए २२ का? आणि आरसी तुमच्या नावावर झाली आहे ना? अनगोळकरांनी वर विचारलं होतं, त्याचं उत्तर आलेलं नाही.

नंदगडचा
पासिंग एमएच ०९. गडहिंग्लजच्या मावसभावाची गाडी आहे, घरातलीच. आरसी त्याच्याच नावावर आहे अजून, पैसे दिलेत. त्याचा इन्शुरन्सशी काय संबंध? एजंटने हे विचारलंच नाही. त्याने दिलेला हिशोब टाकतो: थर्ड पार्टी २,०९४, ओन डॅमेज (आपल्या गाडीचं नुकसान) ५,१००, झिरो डेप (क्लेममध्ये घसारा कापत नाहीत ते) आणि इंजिनचं कव्हर मिळून ३,९००, रोडसाइड आणि चावीचं ९००, मालकाचा अपघात विमा आणि जीएसटी धरून १४,८००.

मार्कंडेयकाठ
बघा की, ह्यात "शिकाऊ" नावाची एक तरी ओळ आहे का? तो नुसता भीती घालालाय. झिरो डेप, इंजिन, चावी, सगळं काढून टाका. पावसाळ्यात पाण्यातून गाडी घालणार असाल तर इंजिनचं ठेवा, खानापूर तालुक्यात त्याला अर्थ आहे. बाकीची गरज नाही. आणि आयडीव्ही, म्हणजे गाडीची विम्यासाठी धरलेली किंमत, किती धरलाय ते विचारा. पाच वर्षांच्या वरच्या गाडीचा आयडीव्ही दोघांच्या संमतीने ठरतो. तो फुगवला की ओन डॅमेजचा हप्ताही फुगतो.

कोर्टआवार
हप्त्याचं नंतर बघू. आरसीचा संबंध पहिला आहे. पॉलिसी आरसीवर ज्याचं नाव त्याच्याच नावाने निघते. आरसी मावसभावाची असताना तुमच्या नावाने पॉलिसी काढली तर ओन डॅमेजचा क्लेम अडकतो. उलट, आरसी तुमच्या नावावर झाली आणि पॉलिसी त्याच्याच नावावर राहिली तरी तेच होणार. मोटार वाहन कायद्याचं कलम १५७ आहे: गाडी नावावर झाली की १४ दिवसांत कंपनीला कळवून पॉलिसी नावावर करून घ्यायची. थर्ड पार्टीचं संरक्षण गाडीबरोबर आपोआप येतं, ओन डॅमेजचं तसं नाही.
आणखी एक. अपघात झाला तर कोर्ट आरसीवरच्या मालकाला धरतं. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट केलंय. गाडी विकली, पैसे घेतले, पण आरसी बदलली नाही, तर जबाबदारी जुन्या मालकाचीच. मावसभावाला हे सांगितलंय का तुम्ही?

तवंदीघाट
मग तर सोपं आहे! आहे तशीच ठेवा त्याच्या नावावर. त्याला एनसीबी ५० टक्के असणार, ओन डॅमेज निम्म्याने कमी पडेल. आमच्याकडे निम्म्या गाड्या अशाच फिरतात, कोल्हापूर पासिंग, मालक निपाणीत.

कोर्टआवार
फिरतात हो, अपघात होईपर्यंत. एनसीबी गाडीची नसते, माणसाची असते. उद्या त्या मावसभावाने नवी गाडी घेतली तर तो ती एनसीबी तिकडे नेणारच, तीन वर्षांपर्यंत नेता येते. मग ह्यांच्या हातात काय राहिलं? शिवाय गाडी बारा महिन्यांहून जास्त कर्नाटकात ठेवली की कलम ४७ प्रमाणे इथलं पासिंग करून घ्यावं लागतं, लाइफ टॅक्स भरावा लागतो. आरटीओने पकडलं की तिथल्या तिथे टॅक्स काढतात.

चंदगडी
एमएच प्लेट असेपर्यंत तरी ओन डॅमेज सोडू नका असं माझं मत. ६ डिसेंबर २०२२ ला हिरेबागेवाडीजवळ महाराष्ट्र पासिंगच्या ट्रकांवर दगडफेक झाली होती ते आठवतंय ना? दंगल, संप, तोडफोड ह्याचं नुकसान पॅकेज पॉलिसीत धरतात. थर्ड पार्टीत काच फुटली तर आपणच भरायची. आमची शिनोळीहून बेळगावला रोजची ये-जा, त्या आठवड्यात गाडी घरीच ठेवली होती.

अनगोळकर
आणि उलट केए प्लेटला कोल्हापुरात काळं फासतात त्याचं काय? दोन्हीकडून सामान्य माणूसच मरतो.

शिवारवाट
एलएमव्ही (हलक्या मोटारीच्या) लायसन्सवर टेम्पो चालवता येतो का, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून सांगतो. ६ नोव्हेंबर २०२४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाप्रमाणे ७,५०० किलोच्या आतल्या ट्रान्स्पोर्ट गाडीला वेगळा शेरा लागत नाही. इन्शुरन्सवाले ह्या कारणाने क्लेम नाकारत होते, आता नाकारता येत नाही. भाजीचा टेम्पो असणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

नंदगडचा
टेम्पोचं कुणी विचारलंय? कृपा करून विषयावर राहा. मला एवढंच सांगा, महिनाअखेरीला मी नक्की काय करू? आरसी करायला लागलो तर तोवर इन्शुरन्स संपतो.

शहापूरची
भाऊ, त्याआधी एक. मुलीच्या शेजारी बसणार कोण? लर्निंगवर एकटीला चालवता येत नाही.

नंदगडचा
मीच बसणार की. कॉलेजलाही मीच सोबत जाणार सुरुवातीला. मला टू-व्हीलरचं लायसन्स आहे. शेतात ट्रॅक्टर किती वर्षं चालवालोय, गाडी मला येते.

शहापूरची
येते हो, खरं कागदावर येत नाही ना. मी लग्नानंतर शिकले, तेव्हा हे सगळं वाचून काढलं होतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ३ म्हणतो की शेजारी बसणाऱ्याकडे त्याच प्रकारच्या गाडीचं पक्कं लायसन्स पाहिजे आणि त्याला गाडी आवरता येईल, थांबवता येईल असं बसायला पाहिजे. म्हणजे शेजारच्या सीटवर, हात हँडब्रेकला पोचेल असा. मागे बसून "ब्रेक, ब्रेक" ओरडणारा चालत नाही. पुढे-मागे पांढऱ्यावर लाल एल, निदान १८ सेंटीमीटरची पाटी. माझे दीर बसायचे, प्रत्येक उतारावर त्यांचा हात हँडब्रेकवर असायचा. पाटी आधी कागदाची केली होती, पहिल्याच पावसात लाल रंग बॉनेटवर उतरला. रेडियम कटिंगवाल्याकडून करून घ्या.
तुम्ही ट्रॅक्टर कितीही चालवला असला तरी तुमच्या लायसन्सवर मोटारकार नाही. उद्या काही झालं तर पहिला कागद तोच मागतील.

कोर्टआवार
वैनींचं बरोबर आहे, आणि मूळ प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. पॅकेज पॉलिसीच्या ड्रायव्हर क्लॉजमध्ये सरळ लिहिलेलं असतं: लर्नर लायसन्सवाला गाडी चालवू शकतो, नियम ३ पाळला असेल तर. म्हणजे शिकाऊ मुलीसाठी वेगळी पॉलिसी लागतच नाही. सुप्रीम कोर्टाने २००४ च्या स्वरण सिंग निकालातही लर्निंग लायसन्स म्हणजे लायसन्सच धरलंय. हे असताना शेजारी तुम्ही बसलात तर पाच हजार वाचवायला गेलेला माणूस पाच लाखांत अडकेल. समोरच्याला कंपनी पैसे देईल आणि नंतर मालकाकडून वसूल करेल. मालक कोण? गडहिंग्लजचा मावसभाऊ.

रेल्वेगेट
इतकं सगळं करण्यापेक्षा ड्रायव्हिंग स्कूलला घाला. त्यांच्या गाडीला दोन्हीकडे ब्रेक-क्लच, इन्शुरन्स त्यांचा, शिकवणारा लायसन्सवाला. लर्निंग मिळाल्यावर ३० दिवसांनी टेस्ट देता येते, सहा महिने मुदत असते. पक्कं लायसन्स हातात येईपर्यंत वॅगनआर अंगणात झाकून ठेवा. मी दोन्ही पोरांना असंच शिकवलं.

तवंदीघाट
ड्रायव्हिंग स्कूलमध्ये स्टिअरिंग धरायला शिकवतात, गाडी चालवायला नाही. हात बसायला घरचीच गाडी पाहिजे.

रेल्वेगेट
हात नंतर बसेल. आधी पोरगी सुखरूप पाहिजे.

कोर्टआवार
नंदगडकर, आता क्रमाने करा. या महिनाअखेरीच्या आत मावसभावाच्याच नावाने पॉलिसी रिन्यू करा. आरसी त्याची आहे, त्यामुळे हे कायदेशीर आहे. शिवाय एनओसीला (आरटीओच्या ना-हरकत दाखल्याला) आणि ट्रान्स्फरला चालू इन्शुरन्स लागतोच. एक दिवसही खंड पडू देऊ नका, पडला तर कंपनी गाडीचं इन्स्पेक्शन मागते. ९० दिवस उलटले तर एनसीबीही जाते. पॅकेज घ्या, अ‍ॅड-ऑन (जादा कव्हर) जवळजवळ काही नको.
नंतर कोल्हापूर आरटीओची एनओसी, फॉर्म २८. ती घेऊन मालकी बदलाच्या फॉर्म २९, ३० बरोबर बेळगावला पासिंग, लाइफ टॅक्स. आरसी तुमच्या नावावर आली की १४ दिवसांत कंपनीला नवा नंबर आणि नवं नाव कळवा. तेव्हा कंपनी त्याच्या एनसीबीचा उरलेल्या दिवसांचा फरक तुमच्याकडून घेईल, तेवढी तयारी ठेवा. तवंदीघाट म्हणतात ते तेवढ्यापुरतं बरोबर, कायमचं नाही.

तवंदीघाट
हेच मी म्हणालो होतो की.

मार्कंडेयकाठ
कर्नाटक पासिंग झालं तरी ओन डॅमेजचा झोन बदलत नाही. कोल्हापूर आणि बेळगाव दोन्ही बी झोनमध्ये. पुणे, बेंगळुरू ए झोनमध्ये, तिथे दर जास्त. पुण्याच्या पाहुण्याने सांगितलेल्या दरावर जाऊ नका.
आणि गाडी फार फिरणार नसेल तर किलोमीटरवर हप्ता ठरणारी अ‍ॅड-ऑन विचारा. २०२२ पासून आयआरडीएआयने (विमा नियामकाने) परवानगी दिली आहे. वर्षाचे किलोमीटर आधी ठरवायचे, ओन डॅमेज कमी होतं. खरं रोज खानापूर-उद्यमबाग करणार असाल तर तिचा उपयोग नाही.

नंदगडचा
मावसभावाशी फोनवर बोललो. जबाबदारी त्याच्यावर येते हे त्याला माहीतच नव्हतं, तो लगेच सही द्यायला तयार झाला. दुसऱ्या एजंटकडून आकडा आणला. इंजिन सोडून सगळ्या अ‍ॅड-ऑन काढल्या, आयडीव्ही बरोबर धरला, त्याची एनसीबी लावली, तर साडेसहा हजारांत बसतंय. हेच करतो. मुलीला बेळगावला ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. रविवारी मावसभाऊ येणार आहे, तोच शेजारी बसेल, त्याचं लायसन्स एलएमव्हीचं आहे. मीही लर्निंगला अर्ज टाकतोय. मालकाचा अपघात विमा माझ्या नावाला मोटारच्या लायसन्सशिवाय लागत नाही म्हणे, हे खरं आहे का?

कोर्टआवार
खरं आहे. तो १५ लाखांचा विमा मालकाकडे चालू लायसन्स असेल तरच लागू होतो. आता पॉलिसी मावसभावाच्या नावाने आहे आणि त्याच्याकडे लायसन्स आहे, तर तो भरा. आरसी तुमच्या नावावर येईपर्यंत तुमचंही पक्कं झालं तर तुमच्या नावाने घ्या.

येळ्ळूरवाट
धागा वाचला, बरीच माहिती मिळाली. माझा मुलगा १७ चा आहे, उंची चांगली आहे. लर्निंग आत्ता काढून ठेवता येईल का, म्हणजे १८ झाल्यावर लगेच चालवेल?

शहापूरची
मोटारसाठी १८ पूर्ण पाहिजेत, लर्निंगलासुद्धा. त्याआधी गाडी हातात दिली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९ए खाली पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. वाढदिवस होऊ दे त्याचा.

चंदगडी
नंदगडकर, एनओसीच्या आधी गाडीवर महाराष्ट्रात काही चलन बाकी आहे का ते मावसभावाला ऑनलाइन बघायला सांगा. बाकी असलं तर भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आणि महाराष्ट्राच्या टॅक्सचा राहिलेला भाग परत मिळतो, बेळगावचं पासिंग झाल्यावर त्यालाच अर्ज करायचा आहे, कारण टॅक्स त्याच्या नावाने भरलेला आहे. ते पैसे कुणाचे, हे आत्ताच बोलून ठेवा.