मदत हवी आहे: मसाल्याचा धंदा एकट्या नवऱ्याच्या नावावर ठेवावा की एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) करावी?

नमस्कार मंडळी,

कोल्हापूरजवळ आमचा कांदा-लसूण मसाल्याचा धंदा आहे. नऊ वर्षांपूर्वी घरच्या पडवीत सुरू केला. राबतो दोघं, पण कागदोपत्री सगळं नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर, म्हणजे प्रोप्रायटरशिप. गुमास्ता (दुकान नोंदणी), उद्यम (लघुउद्योग नोंदणी), फूड लायसन्स, करंट खातं, सगळीकडे त्यांचीच सही. सुरुवातीला हे फार सोयीचं पडलं. कंपनी नोंदवायची भानगड नाही, पॅन त्यांचाच, रिटर्न एकच, तेही आयकराच्या ४४एडी कलमाखाली, म्हणजे उलाढालीच्या ठरावीक टक्के नफा धरून, त्यामुळे ऑडिट नाही. चार पैसे सुटले की घरात वापरायला मोकळे.

यंदा एप्रिलमध्ये, ऐन सीझनला, ते गाडीवरून पडले. उजवा हात मोडला. संकेश्वरी मिरचीची पोती दारात उतरलेली, व्यापारी ओट्यावर बसलेला, चेकबुक माझ्या हातात आणि सही करणारा हात प्लास्टरमध्ये. डाव्या हाताने सही करून पाहिली, बँकेने जुळत नाही म्हणून चेक परत केला. नेट बँकिंग कधी घेतलंच नव्हतं. शेवटी मी पाटल्या गहाण ठेवून दीड लाख दिले. नऊ वर्षं मी तिखट कुटतेय, पण बँकेच्या लेखी मी कुणीच नाही, हे त्या दिवशी फार लागलं.

आता मोठं कांडप यंत्र आणि पॅकिंग मशीन घ्यायचंय, १५ लाखांचं कर्ज. प्रोप्रायटरशिपमध्ये धंद्याचं देणं म्हणजे मालकाचं देणं, उद्या काही झालं तर राहत्या घरावरही येऊ शकतं म्हणतात. घर नवऱ्याच्या नावावर आहे आणि सासूबाई तिथेच राहतात. दोघांची एलएलपी केली तर घर वाचेल का? उलाढाल ३० लाखांच्या आसपास. निपाणीचा एक दुकानदार माल मागतोय, त्यासाठी जीएसटी लागेल का? जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १:
ताई, आधी सहीचं बघा. करंट खात्यावर तुमच्या नावाचं मॅन्डेट (त्यांच्या वतीने सही करायचा अधिकार) द्या आणि नॉमिनेशनही करा. मॅन्डेट खातेदार हयात असेपर्यंतच चालतं, म्हणून दोन्ही हवं. त्यासाठी एलएलपीची गरज नाही.

घराचं म्हणाल तर एलएलपीत भागीदाराची जबाबदारी साधारण भांडवलापुरती असते हे खरं. व्यापाऱ्यांच्या उधारीपुरता त्याचा उपयोग होईल. पण अशा कर्जाला बँक बहुधा दोघांची वैयक्तिक हमी घेतेच, आणि हमीवर सही केली की ते संरक्षण त्या कर्जापुरतं संपलं. हमीचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

एलएलपीला भागीदारांचा पगार वजा जाऊन उरलेल्या नफ्यावर सरळ ३० टक्के कर, वर सेस. ४४एडीसारखी ठोक नफा धरायची सोय मिळत नाही. मेच्या अखेरीस फॉर्म ११ (वार्षिक विवरण) आणि ऑक्टोबरच्या अखेरीस फॉर्म ८ (हिशोबाचं विवरण) भरावाच लागतो, धंदा असो नसो. फूड लायसन्सपासून खात्यापर्यंत सगळं नव्याने काढावं लागेल. पाकिटांवरचा लायसन्स नंबरही बदलेल.

निपाणी कर्नाटकात. राज्याबाहेर माल विकायचा तर ४० लाखांपर्यंतच्या उलाढालीला असलेली नोंदणीची सूट धरू नका, पहिल्या पाकिटापासून जीएसटी नोंदणी लागते. प्रोप्रायटर असा नाहीतर एलएलपी.

धागाकर्ती:
मनापासून आभार. सोमवारी दोघं बँकेत जातो. छापलेली पाकिटं अजून चाळीस हजार पडून आहेत, ती संपेपर्यंत एलएलपीचा विचार थांबवते. हमी ठरावीक रकमेपुरतीच द्यायची असं बँकेकडून कुणी लिहून घेतलंय का?