पाट्यांचं (लीफ स्प्रिंगचं) काम केल्यापासून पिकअप क्लीनर साइडला कलते – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. नारायणगावजवळ आमची टोमॅटोची शेती आहे. माल स्वतःच्याच पिकअपमधून माळशेज उतरून कल्याणला आणि वाशीला नेतो. गाडीला पुढे-मागे दोन्हीकडे पाटेच आहेत, म्हणजे एकावर एक लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा.

पंधरा दिवसांपूर्वी मागचा ड्रायव्हर साइडचा मेन पाटा (सगळ्यात वरची लांब पट्टी) तुटला. पाटेवाल्याकडे नवीन मेन पाटा टाकला, दोन्ही बाजूंचे बुश आणि यू बोल्टही (पाटे हौसिंगला आवळणारे) बदलून घेतले. गाडी घरी आणली तेव्हापासून ती क्लीनर साइडला, म्हणजे डावीकडे, कललेली दिसते. परत नेली तर "नवीन पाटा आहे, चार खेपा झाल्या की बसेल" म्हणाले. सहा खेपा झाल्या, फरक नाही.

चारही टायरची हवा तपासली, बरोबर आहे. पॅकिंग शेडच्या सपाट कोब्यावर गाडी लावून हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मापं घेतली. मागे क्लीनर साइड 1 इंच खाली, पुढे त्याच बाजूला साधारण अर्धा इंच. पुढच्या पाट्यांना तर कुणी हातही लावलेला नाही. मग पुढेही फरक का?

घाटात डावीकडच्या वळणांवर काही वाटत नाही, पण उजवीकडे वळताना गाडी जास्तच क्लीनर साइडला झुकते. गाडी धाकटा भाऊ चालवतो, त्यामुळे जीव टांगणीला लागतो. नेमकं कुठे बघू?

प्रतिसाद :
दादा, पुढच्या फरकाने गोंधळू नका. चेसिस एकच आहे, मागून कलली की पुढेही थोडी कलणारच. खात्री करायची असेल तर रिकामी गाडी सपाटीवर लावा, पुढच्या चाकांना ओट (दगड किंवा ठोकळा) लावा आणि जॅक मागच्या हौसिंगच्या (दोन्ही मागची चाकं जोडणाऱ्या अॅक्सलच्या) बरोबर मध्यावर लावून टायर जेमतेम सुटतील इतकंच उचला. आता मागचे पाटे गाडीला एका बाजूला ढकलू शकत नाहीत. पुढची मापं सारखी झाली तर दोष मागे, नाही झाली तर पुढे. हे करताना कुणीही गाडीखाली जायचं नाही.

शॅकलचे (पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या कडीचे) बोल्ट गाडी उचललेली असताना आवळले होते का, तेही विचारा. रबरी बुश तशा अवस्थेत आवळला की पिळून बसतो आणि ती बाजू उचलून धरतो. बोल्ट ढिले करा, गाडी जमिनीवर पुढे-मागे हलवा, मग आवळा.

आणि एक महत्त्वाचं : भरलेल्या गाडीची मापं द्या. फक्त पाट्यांच्या कमानीचा (बाकाचा) फरक असेल तर भरल्यावरही कल साधारण तेवढाच राहतो. माल चढल्यावर कल वाढला, तर एका बाजूचे पाटे दुसऱ्यापेक्षा कडक आहेत.

धागाकर्ता :
मनापासून आभार. जॅक लावल्यावर पुढची मापं सारखी झाली, म्हणजे दोष मागेच. शॅकल ढिले करून आवळले तर फरक पाव इंचाने उतरला. काल 70 क्रेट, म्हणजे 1400 किलो माल, दोन्ही बाजूंना सारखे लावून मापलं : फरक पावणेदोन इंच!

प्रतिसाद :
मग आता पाटे मोजा. दोन्ही बाजूंचे, एकेक करून, जाडीसकट. जाडीतला थोडा फरकही पुष्कळ असतो, कारण पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो.

धागाकर्ता :
सापडलं. ड्रायव्हर साइडला 9 पाटे, क्लीनर साइडला 8. मेन पाटा पुन्हा तुटू नये म्हणून पाटेवाल्याने न विचारता एक जादा टाकला होता. त्याचा हेतू चांगला असेल, पण सांगायला हवं होतं. आता दुसऱ्या बाजूलाही एक टाकू का?

प्रतिसाद :
अजिबात नको, जादा पाटा काढा. पाटे कडक केले की धक्का चेसिसवर जातो आणि ब्रॅकेटपाशी तडे जायला लागतात. पासिंगपेक्षा (गाडीला मंजूर वजनापेक्षा) जास्त माल भरायचा मोहही होतो. सेंटर बोल्टचं (सगळे पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या बोल्टचं) डोकं हौसिंगच्या भोकात नीट बसलंय ना ते बघून घ्या, आणि दोन-तीन खेपांनी यू बोल्ट पुन्हा आवळा.

धागाकर्ता :
आज दुपारी पाटा काढला. रिकाम्या गाडीत मागे फरक पाव इंचाहून कमी, पुढे काहीच नाही. उद्या पहाटेची खेप आहे, भरून पुन्हा मापतो आणि इथे आकडे टाकतो.